देवाजवळ मी वारा मागितला

ज्या श्रावणानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, "आता तुझं तू बघ, माझ्याकडून हाकेची वाट पाहू नकोस," त्या श्रावणाची ही हकिकत आहे. मी कोणी मोठी साधक नाही. वलगावला आमची थोडी काळी जमीन आहे, विहीर आहे, आणि आम्ही फुलं पिकवतो. झेंडू, शेवंती, गुलछडी. सकाळी तोडायची, टोपल्यांत भरून अमरावतीच्या बाजारात पाठवायची आणि त्यातली ओंजळभर देवासाठी बाजूला ठेवायची, एवढीच माझी भक्ती. सोमवार धरते, पोथी वाचते. देव आपल्याकडे बघतो आहे असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं आणि त्या वाटण्याला कधी धक्का बसला नव्हता. धक्का बसावा असं काही घडलंच नव्हतं.

माझी मुलगी वैशाली अकोल्याला, जुन्या शहरात दिली आहे. श्रावणातल्या एका सोमवारी आपल्या शेतातली फुलं तिथल्या राजेश्वराच्या पिंडीवर स्वतःच्या हातानं वाहावी, ही माझी फार वर्षांची इच्छा होती. त्या वर्षी जमलं. शनिवारी फुलांची टोपली मांडीवर घेऊन मी अमरावतीहून बसमध्ये बसले आणि मूर्तिजापूर यायच्या आधीच पोटात पहिली कळ आली. निघताना भाजलेलं कणीस घाईघाईत खाल्लं होतं, त्याचंच असेल असं वाटलं. पण ती कळ नेहमीसारखी नव्हती. बेंबीभोवती कोणीतरी ओलं कापड पिळावं तशी ती चढत जायची, टोकाला पोचली की डोळ्यांसमोर काळोखी यायची, मग एकदम सोडून द्यायची. सोडलं की मी स्वतःलाच म्हणायची, गेलं. तेवढ्यात पुन्हा सुरू.

वैशालीच्या घरी पोचले तेव्हा माझं पोट लुगड्याच्या गाठीखाली ताठ झालं होतं. रविवारी संडासला झालं नाही, वारासुद्धा सरला नाही. पण हे सांगायचं कोणाला? मुलीच्या सासूला आमच्याकडे ईनबाई म्हणतात. माझ्या ईनबाई स्वभावानं चांगल्या, पण कडक. त्यांच्या घरी मी वर्षातून एकदा, डोक्यावरचा पदर सांभाळत जाणारी. त्या घरात बसून आपलं पोट साफ होत नाही हे मी कोणत्या तोंडानं बोलणार? वैशालीला सांगितलं असतं तर तिनं आधी सासूलाच सांगितलं असतं. म्हणून मी हसत राहिले, आणि कळ आली की देवघरासमोर जाऊन बसायची. सगळ्यांना वाटायचं, बाई फार भाविक आहे.

शेवटी जेवताना ईनबाईंच्या लक्षात आलंच. "काहून जी ईनबाई, भाकर मोडली नाई तुमी?"

"पोट जरा फुगल्यावानी वाटते," मी म्हटलं.

"बस एवढंच? उद्या सोमवारचं दर्शन होऊ द्या. उपास सुटला की एरंडेल देते तुमाले, चहात टाकून. पोट मोकळं होऊन जाईन." त्यांनी लगेच कपाटातून बाटली काढून ओट्यावर ठेवली. मला त्यांची माया वाटली. त्या क्षणी मला एरंडेलात अमृत दिसत होतं, हे खरं सांगते.

सोमवारी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या फरशीवर बेलाची पानं, दुधाचा वास, आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत. मी फुलांची टोपली पोटाशी धरून उभी होते, कारण टोपलीचा काठ दाबून धरला की कळ थोडी सोसवायची. कशीबशी गाभाऱ्यापर्यंत पोचले, फुलं वाहिली, पण काय मागावं ते आठवेना. बाहेर मंडपात आले आणि खांबाशी बसतेय तोच ओकारी झाली. हिरवी, कडू. पोटात अन्न नव्हतंच, तरी बादलीभर बाहेर पडलं. लोक बाजूला सरले. ईनबाई माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि मला लाजेनं मरून जावंसं वाटत होतं. देवाच्या दारात मी घाण केली होती.

तेव्हा एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याच वयाची असेल. फिकट जांभळं पातळ, कपाळ मोकळं. बोलण्यावरून दर्यापूरकडची वाटली. तिनं स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि ओळख ना पाळख, सरळ विचारलं, "बाई, वारा सरते का तुमचा?"

भर मंडपात, ईनबाईंसमोर! मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"कवापासून?"

"परवापासून."

"आनं पोट आधी कधी फाडलं हाय का?"

"पिशवीचं आपरेशन झालं जी. लय वर्सं झाली."

तिनं लुगड्यावरूनच माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. एवढ्यात ईनबाई उठून कुणाकडून तरी तीर्थाची पळी घेऊन आल्या. "घ्या, देवाचं घ्या, बरं वाटन." मी तळहात पुढे केला. तीर्थ हातावर पडलं आणि मी ते तोंडाशी नेणार, तोच त्या बाईनं माझं मनगट धरून हात उलटा केला. पाणी फरशीवर सांडलं.

ईनबाई केवढ्यानं तरी ओरडल्या, "महादेवाचं तीर्थ सांडलं तुमी! कोन तुमी? काय समजता सोताले?"

"पाप लागलं तं मले लागू द्या," ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "माह्या घरधन्याचं असंच झालं होतं. वारा बंद, ओकाऱ्या, पोट दगडावानी. आमी त्याले एरंडेल पाजलं, वरून ऊन पानी पाजलं. आतडं अडकलेलं, आनं आमी वरून जोर लावून राहिलो. आतच फुटलं त्याचं. डाक्टर म्हने, पाजलं काहून? आता काय सांगू त्याले, काहून पाजलं ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोटात काईच जाऊ देऊ नका माय. पान्याचा थेंब बी नाई. तीर्थ कपाळाले लावा. आनं आत्ताच्या आत्ता आपरेशनवाल्या डाक्टरकडं चला."

ईनबाईंनी पळी खाली ठेवली. ओट्यावरची ती बाटली त्यांना आठवली असावी. पुढचं सगळं त्या बाईनंच केलं. गर्दीतून वाट काढली, ऑटो थांबवला, माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. खड्ड्यात ऑटो आदळला की माझ्या तोंडून किंकाळी निघायची आणि ती म्हणायची, "आलंच, आलंच." दवाखान्याच्या दारात मला चाकाच्या खाटेवर घेतलं तेव्हा मी मागे पाहिलं. ती पायरीशी उभी राहून ओला पदर पिळत होती. मग मला आत नेलं. नाव-गाव आम्ही कोणी विचारलं नाही, आणि नंतर ईनबाईंनी बाहेर येऊन पाहिलं तर ती निघून गेली होती.

उभं करून पोटाचा फोटो काढला. सर्जन मॅडम होत्या, बारीक अंगाच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. घरून धावत आलेल्या वैशालीला आणि ईनबाईंना त्यांनी फोटो दाखवून समजावलं. पोटाचं ऑपरेशन झालं की आत जखम भरताना कधीकधी आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात, दोरीसारखे पट्टे तयार होतात. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एखाद्या दिवशी आतड्याचं वेटोळं त्या पट्ट्यात अडकतं. मग वरचं खाली जात नाही. अन्न, पाणी, हवा, सगळं मागे साचत जातं, आतडं फुगतं, आणि फार पिळलं गेलं तर त्याचं रक्त बंद होतं. ईनबाईंनी हळूच विचारलं, "एरंडेल पाजलं असतं तं?" मॅडम म्हणाल्या, "बरं झालं नाही पाजलं." एवढंच.

नाकातून नळी घातली. ती घशातून उतरताना कोणी गळा दाबतंय असं वाटलं. त्या नळीतून हिरवं पाणी पिशवीत पडत राहिलं. हाताला सलाईन, लघवीला नळी, तोंडानं काहीही नाही. मॅडमनी सांगितलं की पुष्कळदा एवढ्यानंच आतड्याला आराम पडतो आणि ते आपलं आपण सुटतं. वारा सरला की समजायचं वाट मोकळी झाली. वाट पाहू, पण लक्ष ठेवून.

तहान काय असते ते मला तिथं कळलं. खिडकीबाहेर पत्र्यावर श्रावणाची सर वाजत होती, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. वैशाली ओल्या कापसाचा बोळा ओठांवरून फिरवायची, तो मी चोखू नये म्हणून लगेच काढून घ्यायची. हे वलगावहून आले, माझे मालक. पायाला शेतातला चिखल तसाच. खाटेशी उभे राहिले आणि नळ्या मोजल्यासारखे बघत राहिले. मी डोळे मिटले आणि प्रार्थना करू लागले. लोक देवाजवळ लेकरं मागतात, पाऊस मागतात. मी म्हणत होते, महादेवा, वारा सरू दे. किती ओशाळवाणं मागणं! ज्या गोष्टीचं नाव चारचौघांत काढत नाहीत, ती मी त्याच्याजवळ मागत होते, पुन्हा पुन्हा, त्याच्या नामासारखी.

वारा सरला नाही. कळ येऊन जायची ती आता येऊन थांबली. अंगात ताप भरला. मॅडमनी पोटावर हात ठेवला, नाडी धरली आणि उठतानाच म्हणाल्या, "आता थांबायचं नाही." मला आत नेताना मी देवाचं नाव घेत होते की नव्हते, ते आठवत नाही. फक्त दिव्याचा मोठा गोल आठवतो.

शुद्धीवर आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला काहीतरी ऊन ऊन लागलं. हात नेला तर प्लास्टिक. मॅडमनी सांगितलं, आतड्याचा थोडा भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. माझी तब्येत इतकी खालावलेली होती की टोकं तिथल्या तिथं जोडणं धोक्याचं होतं. म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं आहे. काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून जोडू. तोवर संडास या पिशवीत येईल.

मी जिवंत होते. सगळे मला तेच सांगत होते. पण मला एवढंच दिसत होतं की माझ्या पोटावर, लुगड्याच्या निऱ्यांपाशी, एक घाणीची पिशवी लटकते आहे, आणि ती माझ्या हुकमाशिवाय भरते. तिच्यावर माझा ताबा नव्हता. पाहुणे बसलेले असताना ती आवाज करायची. तिचं तोंड सैल झालं की पातळ पाणी कातडीवर ओघळायचं, आणि कातडी चुना लागल्यासारखी भाजायची. मी ह्यांना म्हटलं, "मले घरी नेऊ नका. फुलाच्या टोपल्याले माहा हात लागाले नोको."

"येडी झाली काय व?" एवढंच म्हणाले, आणि सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे पिशवी रिकामी करायला घेतली. त्यांचे मातीत काम करून राठ झालेले हात त्या प्लास्टिकच्या चिमट्याशी झटापट करत होते. ते पाहून मला रडू आलं नाही, रागच आला. त्यांचा नाही. त्या जांभळ्या पातळवाल्या बाईचा. कशाला थांबवलं तिनं माझा हात? तीर्थ पिऊन महादेवाच्या मंडपातच संपले असते तर हे दिवस आले नसते. जिनं माझा जीव वाचवला तिला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि पुष्कळ दिवस देत राहिले.

वलगावला आणलं. गणपती आले, गौरी आल्या. आमच्या फुलांचा तो हंगाम. अंगणात टोपल्या भरत होत्या आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. भेटायला येणाऱ्या बाया दारात क्षणभर थांबायच्या. मला वाटायचं, वास घेतात. देवघराचं दार मी लावून घ्यायला सांगितलं. पोथी उघडली नाही. सोमवार आला की ह्यांनी दिवा लावावा, मी कूस बदलावी. खाल्लं की पिशवी भरते म्हणून खाणं कमी केलं. मग अशक्तपणा आला, लघवी कमी झाली, पायांत गोळे येऊ लागले. मॅडमनी फोनवर रागावून मीठ-साखरेचं पाणी दिवसभर घोटघोट प्यायला सांगितलं. मी ते प्यायचे, पण जगावं म्हणून नाही, कोणी रागावू नये म्हणून. विहिरीकडे जाणं मी सोडून दिलं होतं. तिच्या काठाशी उभं राहिलं की मनात जे यायचं, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

देवाशी माझं भांडणही राहिलं नव्हतं. भांडायला समोर कोणी आहे असं वाटावं लागतं. मला समोर काहीच वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी आली. ह्यांना शेतातून पाय निघेना, आणि वैशालीच्या लेकराला ताप. अशा वेळी एका दुपारी दारात ऑटो थांबला आणि कपड्यांची पिशवी हातात घेऊन ईनबाई उतरल्या. मुलीची सासू, मुलीच्या माहेरी राहायला! आमच्याकडे असं होत नाही. मी घाईनं उठून पदर घ्यायला गेले आणि त्याच वेळी पोटावरची पिशवी सुटली. लुगडं, चादर, सगळं भरलं. ज्या बाईसमोर मी एक शब्द बोलू शकले नव्हते तिच्यासमोर मी तशी उभी होते.

ईनबाईंनी हातातलं सामान खाली ठेवलं, बाह्या वर केल्या आणि कोमट पाणी आणलं. मी मागे सरत होते. "तुमी नका जी हात लावू. मी करते."

"उभ्या राहा चुपचाप," त्या म्हणाल्या. कातडी पुसली, कोरडी केली, नवी पिशवी लावली. माझं लुगडं धुवायला घेतलं. दोरीवर वाळत घालून आल्या आणि खाटेच्या काठावर बसल्या. हात अजून ओले होते. म्हणाल्या, "ईनबाई, ते बाटली मी काढून ठेवली होती. त्या बाईनं तुमचा हात धरला नसता तं संध्याकाळी मी माह्या हातानं पाजलं असतं तुमाले. मले झोप नाई लागत जी. घरी वैशालीच्या तोंडाकडं पाहवत नाई. आता हे तरी करू द्या मले."

मी त्यांच्या ओल्या हातांकडे पाहत राहिले. त्या कडक बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. ऑपरेशननंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. मला देव दिसला असं मी म्हणणार नाही. पण आतापर्यंत खोलीत मी एकटी होते, आणि तिथून पुढे एकटी नव्हते, एवढं मला कळलं. त्या आमच्याकडेच राहिल्या. मऊ भात, ताक, शिजवून घोटलेलं वरण. एकेक घास नीट चावून गिळायला लावायच्या. पोथी मी उघडली नाही, पण त्या माझ्या खोलीत बसून वाचायच्या आणि मी ऐकायची.

दिवाळी झाली आणि आतडं जोडायचं ऑपरेशन ठरलं. पुन्हा अकोला, पुन्हा तेच दार. ऑपरेशन चांगलं झालं, पिशवी गेली. मला वाटलं, सुटले. पण जोडलेलं आतडं जागं होईना. मॅडम म्हणाल्या, होतं असं, आतडं झोपी जातं, त्याला वेळ द्यावा लागतो. पोट पुन्हा फुगलं. पुन्हा ओकारी, पुन्हा नाकातून नळी, पुन्हा ओठांवर ओला कापूस. मॅडम सकाळ-संध्याकाळ येऊन पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकायच्या आणि कागदावर लिहून जायच्या. दोन माणसांच्या आधारानं मला वॉर्डमधून चालवायचे, चालल्यानं आतडं हलतं म्हणून. शेजारच्या खाटांवरच्या बाया रोज विचारायच्या, "झालं का माय?" सगळ्यांना माहीत होतं मी कशाची वाट पाहतेय.

तेव्हा माझ्यातलं उरलंसुरलं सगळं संपलं. पहिल्या वेळी मी देवाजवळ वारा मागितला होता. आता मागायचंही त्राण नव्हतं. पोथ्यांत लिहितात तसं मी स्वतःला त्याच्या चरणी अर्पण केलं, असं मला सांगता येणार नाही. मी फक्त थकले. धरून ठेवलेली मूठ थकून उघडते, तसं झालं. मनात एवढंच आलं की हे पोट मी कधी चालवलं होतं? जन्मापासून घास मी गिळला, त्याचं पुढं काय झालं याची मला कधी खबर नव्हती. मी झोपले तरी ते चालत होतं. कोण चालवत होतं ते त्यालाच ठाऊक. आता चाललं तरी त्याचं, नाही चाललं तरी त्याचं. मी डोळे मिटून पडून राहिले. भीतीसुद्धा दमली होती.

दुपारची वेळ होती. ईनबाई खाटेशी बसून माझे पाय चेपत होत्या. पोटात आत कुठेतरी पाणी सरकल्यासारखं झालं, आणि काही कळायच्या आत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वारा सरला.

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मग ईनबाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ओरडल्या, "हर हर महादेव!" शेजारची बाई हसायला लागली, मग पलीकडची. सिस्टर धावत आली, काय झालं म्हणून, आणि कळल्यावर तीही हसली. वैशाली माझ्या उशीवर डोकं टेकून रडत होती. मी हसू की रडू ते मला सुचेना. टाके दुखत होते म्हणून दोन्ही नीट करता येत नव्हतं. हे बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावून सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि खाली बघत उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

बरी झाल्यावर मी राजेश्वराला गेले. बाहेरच्या फुलवाल्यांना, पुजाऱ्यांना त्या बाईबद्दल विचारलं. श्रावण सोमवारच्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार? काही जण म्हणाले, साक्षात देवीच आली असेल. मी वाद घालत नाही. मला ती माणूस म्हणूनच जास्त मोठी वाटते. आपल्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट, त्यातलं आपलं सगळं दुःख, तिनं एका अनोळखी बाईसाठी भर मंडपात उघडं केलं, पापही स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आभाराची वाट न पाहता निघून गेली. मी तिला दिलेल्या शिव्या तिच्यापर्यंत पोचल्या नसतील, आणि माझा नमस्कारही पोचला नसेल. तो मी महादेवापाशी ठेवला आहे.

अमरावतीच्या फुलबाजारात आता मी बायांशी उघड बोलते. पोटाचं ऑपरेशन झालेलं असलं, कळा येऊन ओकाऱ्या होत असल्या, पोट फुगलं असलं आणि वारा बंद असला, तर काही पाजू नका, पोट चोळू नका, लाजू नका, दवाखाना गाठा. बाया पदर तोंडाला लावून हसतात. हसू देत. लक्षात राहिलं म्हणजे झालं.

मॅडमनी मला साफ सांगून ठेवलं आहे की पोट तीनदा उघडलं आहे, आत पुन्हा चिकटू शकतं. थोडं थोडं खायचं, चावून खायचं, पाणी भरपूर, चालणं रोज, आणि शंका आली की लगेच यायचं. याहून जास्त खात्री कोणी देत नाही. पूर्वी मी देवाजवळ खात्री मागत असे. सगळं नीट राहू दे, काही होऊ देऊ नको. दुखणं लपवून सोसत बसणं म्हणजे त्याच्यावर भार टाकणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, भार टाकायचा म्हणजे लाज सोडून हात पुढे करायचा, आणि जो हात धरेल त्याच्या हाती स्वतःला देऊन टाकायचं. मग तो डॉक्टरचा असो, ईनबाईंचा असो, की नाव माहीत नसलेल्या कोणाचा.

रात्री अजूनही कधी भीती वाटते, ते खोटं कशाला सांगू? पण परवा सकाळी आम्ही दोघं चुलीपाशी बसलो होतो. खिचडी निवत होती आणि एकदम माझ्या पोटात मोठ्यानं गुरगुर झाली. ह्यांनी वर पाहिलं.

"काय म्हनून राहिलं व पोट तुहं?"

"चालू हाय म्हनते," मी म्हटलं, आणि घास घेण्याआधी हात जोडले.